खिल्लार वळू घ्यायचाय : देखणा घ्यावा की साधा?

कोरडवाहू
राम राम मंडळी. आटपाडी तालुक्यात आमची जिराईत शेती, डाळिंबाचा एक तुकडा आणि १४ खिल्लार गाई. बैलगाडा शर्यती बंद होत्या तेव्हा खोंडाला कोणी विचारत नव्हतं, गावातल्या निम्म्या दावणी संपल्या. आमच्या तात्यांनी मात्र गाई विकल्या नाहीत. आजवर शेजारच्या वाडीतल्या वळूवर भागत होतं, तो दिवाळीत गेला. आता आम्ही तीन घरं मिळून वळू घेतोय. तिन्ही दावणींच्या २३ गाई होतात.

दोन खोंड बघून आलोय.

पहिला चार दाती, कोसा. शिंगं अशी की रस्त्यानं जाणारा गाडी थांबवून फोटो काढतो. बाप शर्यतीत गाजलेला, नाव सांगितलं तर इथले निम्मे लोक ओळखतील म्हणून सांगत नाही. मालक साडेतीन लाख म्हणतोय, तीनला सुटेल.

दुसरा दोन दाती, पांढरा. डाव्या शिंगाचा बाक उजव्याशी जुळत नाही. वशिंड मध्यम. बापाचं नाव कुणाला माहीत नाही. पण आई त्याच गोठ्यात उभी आहे, नवव्या वेताची. १ लाख ३० हजार.

धाकटा भाऊ पहिल्यावर अडून बसलाय. तात्या काही बोलत नाहीत, नुसती तंबाखू मळतात. जाणकारांनी सांगावं.

शर्यतवाला
यात विचारण्यासारखं काय आहे दादा? पहिला घ्या. बापाचं नाव चालतं. त्याच्या वासराला सहा महिन्यांत गिऱ्हाईक येतं, आई दूध पाजतेय तोवर बयाणा पडतो. दुसऱ्याची वासरं घेऊन बाजारात दिवसभर उभं राहायचं का? २०१४ ला बंदी आली तेव्हा आम्ही काय भावानं खोंड दिले ते आम्हाला माहीत. २०२१ च्या डिसेंबरात कोर्टानं परवानगी दिली तेव्हा कुठं या जातीत जीव आला. आता पैसा खोंडात आहे आणि खोंडाचा पैसा नावात आहे.

आबा_सांगोलेकर
लेकरा, माझी हयात सांगोल्याच्या अन् खरसुंडीच्या बाजारात गेली. उपरण्याखाली बोटं धरून किती जनावरं घेतली-दिली त्याचा हिशोब न्हाय. एक सांगतो, बैल घेताना बैल बघावा. वळू घेताना त्याची आय बघावी.

दुसऱ्याची आय हाय म्हणतोस, तर तिन्हीसांजेला जा, धार काढायच्या वक्ताला. कास बघ, सड बघ. चारी सड सारखं हायत का, का एक आटलाय. वासरू पोटभर पिऊन टुणटुण उडतंय का भिंतीला टेकून हुबं हाय ते बघ. नऊ वेतं म्हणजे गाय दरसाल-दीडसालाला गाभण जातीय, आन् ती बी आपल्या माळावरच्या कडब्यावर. ही गोष्ट शिंगात दिसत न्हाय बाबा.

शिंगाचं म्हणशील तर साळून साळून कुणीबी सरळ करतं. वासराला थोडंच साळलेलं शिंग हुतंय?

आन् पहिल्याची आय कुठं हाय? ती का दावली न्हाय?

कोरडवाहू
आबा, विचारलं होतं. "विकली" म्हणाला.

आबा_सांगोलेकर
हां.

गोठ्यातली_रेखा
मी मंगळवेढ्याकडची. एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. वळूची निवड पुरुष करतात आणि त्याच्या लेकी सांभाळतात बायका.

आमच्या सासऱ्यांनी आठ वर्षांपूर्वी असाच एक देखणा वळू आणला. माणूस दिसला की नाकपुड्या फुगवायचा, पुढच्या पायानं माती उडवायचा. बघणारे म्हणायचे, काय रग आहे! त्या रगीनं सासऱ्यांच्या दोन फासळ्या मोडल्या. तेही एक वेळ चाललं असतं, पण त्याच्या सहा कालवडींपैकी चार अशा निघाल्या की मागच्या पायांना दोरी बांधल्याशिवाय धार काढता येईना. एकीनं पहिल्या वेताचं वासरूच जवळ घेतलं नाही. आम्ही कशा काढल्या त्या धारा आमचं आम्हाला ठाऊक.

खिल्लार तापट असते, ती असावीच. पण चपळ जनावर वेगळं आणि मारकं वेगळं. खोंड बघायला जाल तेव्हा मालकाला बाजूला उभं करा आणि घरातल्या बाईला त्याच्यापुढे वैरण टाकायला सांगा. ती कशी जाते, लांबून फेकते की जवळ जाऊन टाकते, ते बघा. ती खोटं बोलणार नाही.

गुरांचा_डॉक्टर
रेखाताईंची कसोटी मी यापुढे स्वतःही वापरणार. स्वभाव बऱ्यापैकी वारशाने उतरतो, हे खरं आहे.

आता थोडं माझ्या बाजूने. दोन्ही खोंडांच्या वर्णनात रंग आला, शिंगं आली, वशिंड आलं. अंड्यांबद्दल एक अक्षर नाही. वळू ज्या कामासाठी घेताय ते काम शिंगांनी होत नाही.

साधी शिवणकामाची टेप घ्या. खोंड नीट बांधा, मागून दोन्ही वृषण हलक्या हाताने खाली ओढून धरा आणि जिथे सर्वांत रुंद वाटतात तिथून घेर मोजा. थंडीच्या सकाळी मोजू नका, गारठ्यात ते वर ओढले जातात. परदेशी मांसाच्या जातींसाठी २ वर्षांवरच्या वळूला किमान ३४ सेंमी असा दंडक आहे. आपली वशिंडवाली जनावरं उशिरा वयात येतात, अंगानेही हलकी असतात, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा खिल्लारला लावून खोंड नापास करू नका. एकाच वयाच्या चार-पाच खोंडांचं माप घेऊन तुलना करा. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, दाबल्यावर घट्ट लागायला हव्यात, पिकल्या टोमॅटोसारख्या नकोत. मोठ्या घेराच्या वळूच्या लेकीही साधारण लवकर वयात येतात, हा वरचा फायदा.

मग रेताची, म्हणजे वीर्याची तपासणी. सूक्ष्मदर्शकाखाली पुढे सरकणारे शुक्राणू निदान ३० टक्के आणि आकाराने निर्दोष निदान ७० टक्के, हा जगभर वापरला जाणारा किमान निकष. गोठीत रेतासाठी कसोटी याहून कडक असते. शुक्राणू तयार व्हायला साधारण ६० दिवस लागतात, त्यामुळे आजचा नमुना दोन महिन्यांपूर्वीच्या तब्येतीची गोष्ट सांगतो. मधल्या काळात जबर ताप येऊन गेला असेल तर नमुना खराब येईल, म्हणून वळू वाया गेला असं नाही. दोन महिन्यांनी पुन्हा बघायचं. लंपीतून उठलेल्या वळूंच्या बाबतीत २०२२ नंतर हे आम्ही वारंवार पाहिलं. लंपीचा विषाणू रेतातही उतरतो, तेव्हा खोंडाला लंपी होऊन गेली का, कधी, हे आवर्जून विचारा.

मागचे पाय. गाईवर चढताना सगळा भार त्यांच्यावर येतो. बाजूने बघितल्यावर मागचा पाय खांबासारखा सरळसोट असेल तर दोन-तीन वर्षांत सांधा कुरकुरतो. खूर दोन्ही सारखे झिजतात का बघा.

आणि सगळ्यांत आधी रक्ताची तपासणी, सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलाची. यात हयगय नको. गाई सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकतात आणि हाच रोग माणसाला लागला तर महिनोन्‌महिने ताप सोडत नाही. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात याची लस देतात, नरांना देत नाहीत. त्यामुळे खोंडाचा अहवाल बाधित आला तर "लस दिली होती" ही सबब चालत नाही.

एक प्रश्न राहिला. तुमच्या १४ गाईंत तरुण किती, आणि त्यांचा बाप कोण?

पुणेरी_प्रश्न
मी शहरातला, गाय फक्त पोळ्याच्या फोटोत बघतो (बैल असतो ते माहीत आहे, ओरडू नका). पण शंका अशी की एवढा खर्च कशाला? खिल्लारचं गोठीत रेत मिळतं ना? उरुळीकांचनला बाएफ ही संस्था आहे, सरकारी दवाखाने आहेत. रेताची कांडी भरा, विषय संपला.

कोरडवाहू
@पुणेरी_प्रश्न, मिळतं, आणि आम्ही वापरलंयही. कांडी −१९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये असते. ती घेऊन माणूस यायचा ३० किलोमीटरवरून. सकाळी माज दिसला तर संध्याकाळपर्यंत भरायची. आमच्या गाई दिवसभर माळावर, माज रात्री दोनला आला तर बघणार कोण? गेल्या साली पाच गाईंना भरलं, तीन उलटल्या, म्हणजे गाभ न धरता पुन्हा माजावर आल्या. दर २१ दिवसांनी तेच. वळू कळपात असला की त्याला फोन करावा लागत नाही.

पुणेरी_प्रश्न
पटलं. गप्प बसतो.

गुरांचा_डॉक्टर
गप्प बसू नका, प्रश्न चांगला होता. ज्या रेतकेंद्रांचं रेत येतं तिथल्या वळूंची रोगतपासणी ठरावीक मुदतीने होते, वंशावळ कागदावर असते. गावच्या वळूकडे हे दोन्ही नसतं. माझ्या मते चार निवडक गाईंना कांडी, बाकीच्यांना वळू हा मध्यम मार्ग आहे. पुढचा वळू त्या चार गाईंच्या पोटी घरातच तयार होईल.

कोरडवाहू
डॉक्टरसाहेब, तुमच्या प्रश्नानं झोप उडाली. तात्यांची जुनी वही काढली. १४ पैकी ५ कालवडी ज्या वळूच्या आहेत तो वळू आणि पहिल्या खोंडाचा बाप एकच. तीन वर्षांपूर्वी भावानं हौसेनं गाई गाडीत घालून तिकडं नेल्या होत्या. म्हणजे खोंड आणि माझ्या पाच कालवडी एकाच बापाची भावंडं झाली की!

काकांच्या दावणीतल्या दोन कालवडीही त्याच्याच. भाऊ म्हणतो, काय फरक पडतो, उलट रक्त पक्कं होतं.

शर्यतवाला
भाऊ बरोबर बोलतोय. जुने लोक एकच रक्त धरून ठेवायचे, म्हणून तर घराण्यांची नावं झाली.

आबा_सांगोलेकर
जुनी लोकं आमीच की. रक्त धरून ठिवायचं म्हंजी गाईचं. दावण एकच ठिवायची, वळू लांबनं आणायचा. थिल्लारी लोकं कळप घिऊन हिंडायची, म्हसवडपासनं पार जतपतूर. तवा आपसूक अदलाबदल व्हायची. आता समदी एकाच दोन बैलांच्या मागं लागल्यात.

गुरांचा_डॉक्टर
हिशोब मांडतो. बाप एक, आई वेगळी अशा भावंडांची जोडी लागली की वासराचा अंतःप्रजननाचा गुणांक १२.५ टक्के. आजा आणि नात यांचाही तेवढाच. बाप आणि लेक, २५ टक्के. १२.५ टक्क्यांना दोन तोंडांचं वासरू जन्मत नाही, म्हणून तर लोकांना "काय फरक पडतो" वाटतं. फरक असा दिसतो की गाय दोनदा जास्त उलटते, वासरू किरकोळ भरतं, हगवण लागली की उठत नाही. एकेक गोष्ट बारीक आणि दरवेळी दोष दुसऱ्याच कशाला तरी जातो. कधी चाऱ्याला, कधी दवाखान्याला.

यात तुमच्या घरापुरतं मर्यादित काही नाही. शर्यती सुरू झाल्यापासून माझ्या भागात दहा गावांतल्या गाई गाजलेल्या एक-दोन वळूंकडे जातात. सात वर्षांच्या बंदीत गाई कमी झाल्या आणि उरलेल्यांवर मोजकेच बाप. जात वाढतेय असं वाटतं, तेव्हा आतून ती अरुंद होतेय.

रॉकहॅम्प्टनकर
सगळा धागा वाचला, राहवलं नाही. मूळचा मिरजेजवळचा, आता ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांच्या मोठ्या फार्मवर काम करतो. इथे ब्राह्मन जात आहे. नाव ऐकून हसू नका. गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपलं कृष्णाकाठचं जनावर ही सगळी अमेरिकेत नेऊन त्यांतून ती जात बनवली गेली आणि १९३३ मध्ये इकडे आली. गोचीड आणि उन्हाला टिकते म्हणून उत्तर ऑस्ट्रेलियात तिच्यावरच चालतं. ज्या कृष्णा खोरे जातीचे बैल माझ्या आजोबांच्या काळ्या रानात औत ओढायचे, तिचा अंश इथल्या माळावर लाखोंनी चरतोय आणि मिरज-सांगलीकडे ती जात शोधावी लागते.

ते जाऊ दे. इथे वळूचा लिलाव असतो तेव्हा आधी यादी येते. प्रत्येक वळूपुढे आकडे : जन्माचं वजन, २००, ४००, ६०० दिवसांच्या वजनाचं अंदाजित पैदास मूल्य, वृषणांचा घेर, लेकी वळू लावायला सुरुवात केल्यापासून किती दिवसांत वितील याचा अंदाज. वळूचं स्वतःचं वजन नव्हे, तो वासरांना काय देईल याचा अंदाज. आई, बाप, भावंडं, वासरं सगळ्यांच्या नोंदींतून काढलेला. मालक तरीही जाऊन पाय आणि लिंगावरची लोंबती कातडी बघतो, कारण ब्राह्मनमध्ये ती फार लोंबली तर काटेरी झुडपात फाटते. खिल्लारला तो त्रास नाही, अंगासरशी असते.

तुमच्याकडे ती यादी नाही. पण तात्यांची वही आहे! गाय कधी व्याली, पुन्हा कधी माजावर आली, वासरू कुणाचं. इथले आकडे शेवटी अशाच नोंदींतून येतात. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर प्रत्येक नोंदीपुढे लिहायला सुरुवात करा.

अजून एक फरक. इथे नापास वळू कत्तलखान्यात जातो, काही पैसे परत. आपल्याकडे २०१५ पासून गाईबरोबर बैल-वळूलाही कायद्याने तो रस्ता नाही. म्हणजे चुकीचा वळू तुमच्याच खुंट्यावर वैरण खाणार. इथल्यापेक्षा तुम्हाला घेताना जास्त चिकित्सा करावी लागते.

आबा_सांगोलेकर
वळू फसला तर चिमटा लावून खच्ची करायचा न् औताला. म्हणून तर पाय बघायचं. पायाचा चांगला आसंल तर पैसं बुडत न्हाईत.

उदगीरचा_देवणीवाला
आमच्याकडे शिंगांऐवजी ठिपके. देवणीत वानेरा, बाळंक्या, शेवरा असे प्रकार, आणि लोक ठिपका कुठे संपतो यावरून भांडतात. तोवर दूध तीन लिटरवरून दोनवर आलेलं असतं. चालू द्या.

शर्यतवाला
सगळे मिळून मला खलनायक करताय. मी एवढंच म्हणतो, पळणारं रक्त नको का? पळ आईच्या कासेत दिसत नाही.

गुरांचा_डॉक्टर
खलनायक नाही हो. पळ हवाच, ती या जातीची ओळख आहे. पण पळणारा बैल आणि पैदाशीचा वळू यांचं संगोपनही वेगळं. शर्यतीच्या खोंडाला दूध, अंडी, बदाम चारून गुबगुबीत करतात. अंडकोशाच्या मानेत चरबी साठली की आत उष्णता राहते आणि रेत बिघडतं. काही ठिकाणी ताकदीच्या नावाखाली टोचतात त्यात संप्रेरकं असतात, ती बाहेरून मिळाली की वृषण आपलं काम थांबवतात. बघणाऱ्याला छाती दिसते. मी मागून बघतो.

पळाऊ रक्त हवं असेल तर त्या गाजलेल्या बैलाच्या *आईकडच्या* रक्ताचा खोंड शोधा, दुसऱ्या बापाचा. तुमच्या कालवडींशी नातंही लांबचं राहील.

कोरडवाहू
चौदा दिवसांनी लिहितोय, माफ करा. डाळिंबाची छाटणी आली मध्येच.

डॉक्टरांनी सांगितल्यासारखी टेप घेऊन गेलो, गावच्या पशुवैद्यकांना सोबत नेलं. पहिला खोंड : २९ सेंमी, वर चरबीची गादी हाताला लागते. रेत तपासू म्हटल्यावर मालक म्हणाला, "बापाचं नाव पुरेसं नाही का?" आणि चहा सांगितला. चहा घेतला, परत आलो.

दुसरा, वयानं लहान असून साडेतीस. रेखाताई, तिथल्या काकू बोलत बोलत त्याच्या मानेखालून हात घालून दावं सोडवत होत्या. आईची कास अजून अंगासरशी, चारी सड चालू. त्याच गाईच्या आधीच्या वेताच्या दोन कालवडी शेजारच्या वाडीत आहेत, त्याही बघून आलो, दोन्ही गाभण. खोट एकच, मागच्या डाव्या पायाचा बाहेरचा खूर वाढलाय. डॉक्टर म्हणाले तासला की होईल. रेताचा अहवाल चांगला आला. ब्रुसेलासाठी रक्त पाठवलंय.

१ लाख १५ ला सुटला. भाऊ दोन दिवस जेवताना बोलला नाही. परवा मात्र खोंडाला धुताना दिसला, शिंग साळायला कुणाला बोलवायचं विचारत होता. राहू दे म्हटलं तसंच.

तिन्ही घरांनी कागदावर लिहून घेतलंय : अडीच वर्षांनी, याच्या लेकी माजावर यायच्या आत, वळू बदलायचा. सुरुवातीला महिनाभर याला वेगळा बांधायचा. पुढंही आठवड्याला दोन-तीन गाईंच्या वर लावायचा नाही, अजून पोरगंच आहे ते.

आता नवीनच प्रश्न. खोंड आल्याचं गावभर झालंय. काल तिन्हीसांजेला पलीकडच्या आळीतली एक म्हातारी माजावरची गाय घेऊन दारात उभी. रक्ताचा अहवाल अजून आलेला नाही, तिच्या गाईचं तर काहीच माहीत नाही, गेल्या साली त्या गाईनं गाभ टाकला होता म्हणे. गावाकडं दारात आलेली गाय माघारी लावत नाहीत. तात्या पहिल्यांदा बोलले, "आता तूच काय ते सांग तिला."

गुरांचा_डॉक्टर
अजिबात नाही. गाभ टाकलेली गाय तर मुळीच नाही. तिच्या गाईचं रक्तही तपासायला पाठवा.

आबा_सांगोलेकर
डॉक्टर बराबर हायती. पर म्हातारीला रिकाम्या हातानं लावू नगंस. तिच्या गाईला दवाखान्याची कांडी भरून दे, पैसं तुझं. आन् तिला सांग, पुढच्या माजाला बघू.

कोरडवाहू
तसंच केलं आबा. कांडीवाल्याला फोन लावलाय, तो आटपाडीतून निघालाय. म्हातारी ओट्यावर बसलीय, आईनं तिला भाकरी वाढलीय आणि ती वळूकडं बघून म्हणतेय, "शिंग वाकडं हाय की रं याचं."